कोणत्या रंगाखाली माती अधिक तापते?

विद्यार्थिमित्रहो, आरंभीच तुम्हांला एक प्रश्न विचारतो. शाळेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात माती भुसभुशीत करून तिचे चार सारखे वाफे केले आहेत. चारही वाफ्यांना मोजून सारखेच पाणी दिले आहे. पहिला वाफा उघडा ठेवला. दुसऱ्यावर काळ्या प्लॅस्टिकचा पातळ कागद अंथरला, तिसऱ्यावर पांढऱ्या आणि चौथ्यावर काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकचा. आकाश निरभ्र आहे. दुपारी दोन वाजता प्रत्येक वाफ्यात पाच सेंटिमीटर खोलीवर तापमान मोजले, तर सर्वांत जास्त तापमान कोणत्या वाफ्यात आढळेल?

उत्तर वहीत लिहून ठेवा आणि मगच पुढे वाचा.

तुमच्यापैकी बहुतेकांनी 'काळ्या कागदाखाली' असे लिहिले असेल. काळा पदार्थ उष्णता चांगली शोषतो हे आपण पुस्तकात वाचलेले असते. उन्हात ठेवलेली काळी छत्री हाताला चटका देते हा अनुभवही सर्वांचा आहे. दिलेले कारण अगदी बरोबर आहे, पण उत्तर मात्र चुकीचे आहे! हात लावून पाहिला तर काळा कागद सर्वांत गरम लागेल यात शंका नाही. परंतु सर्वांत गरम माती सापडेल ती पारदर्शक कागदाखाली.

असे का व्हावे? याचे उत्तर शोधताना प्रकाश आणि उष्णता या दोन्ही प्रकरणांची आपली चांगली उजळणी होईल. शिवाय हा प्रश्न केवळ परीक्षेतला नाही. आज हजारो शेतकरी पदरचे पैसे घालून असा कागद विकत आणतात आणि त्याचा रंग निवडताना चूक झाली तर तिची किंमत त्यांना पिकाच्या रूपाने मोजावी लागते.

पाचटापासून पॉलिएथिलीनपर्यंत

जमीन झाकून ठेवण्याची कल्पना नवी नाही. उसाचे पाचट, गव्हाचे काड, वाळलेला पालापाचोळा पिकाच्या ओळींमध्ये पसरण्याची रीत आपल्याकडे पूर्वीपासून आहे. त्यामुळे ओल टिकते, तण दबते आणि माती थंड राहते. शेतीच्या भाषेत याला आच्छादन म्हणतात.

प्लॅस्टिकचे आच्छादन आले ते विसाव्या शतकात. १९३३ साली इंग्लंडमध्ये एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे रसायनशास्त्रज्ञ एथिलीन वायूवर प्रचंड दाबाखाली प्रयोग करीत असताना भांड्याच्या तळाशी त्यांना मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला. तोच पॉलिएथिलीन. पुढे अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमरी एमर्ट यांनी १९४८ साली महागड्या काचेऐवजी सेलोफेन लावून रोपगृह उभारले आणि त्यानंतरच्या दशकात भाजीपाल्याच्या वाफ्यांवर प्लॅस्टिक अंथरण्याचेही प्रयोग केले.

महाराष्ट्रात आज कलिंगड, खरबूज, टोमॅटो, मिरची या पिकांच्या गादीवाफ्यांवर आणि महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर हे आच्छादन दिसते. वाफ्यावर ठिबकची नळी टाकायची, वरून कागद ताणून त्याच्या कडा मातीत पुरायच्या, ठरावीक अंतरावर छिद्रे पाडायची आणि त्यांत रोपे लावायची, अशी ही पद्धत. शेतकरी त्याला 'मल्चिंग पेपर' म्हणतात. तो कागद नव्हे हे तुम्ही जाणताच. त्याची जाडी बहुधा २५ ते ३० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे हा पापुद्रा आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ!

इतका पातळ पापुद्रा स्वतः किती उष्णता साठवणार? जवळजवळ काहीच नाही. मग तो मातीचे तापमान कसे बदलतो? तो केवळ एक काम करतो. उन्हाने कोठे थांबायचे आणि मातीतून काय बाहेर पडू द्यायचे, हे तो ठरवतो.

प्रकाशाच्या तीन वाटा

कोणत्याही पृष्ठभागावर प्रकाश पडला की त्याच्यापुढे तीन वाटा असतात: परावर्तन, शोषण आणि पारगमन. या तिन्हींची बेरीज नेहमी शंभर टक्के. रंग बदलला की या शंभराची वाटणी बदलते.

प्रथम काळा कागद घेऊ. तो आलेल्या उन्हापैकी जवळजवळ सर्व ऊन स्वतःच शोषतो. मातीपर्यंत प्रकाश पोचतच नाही. येथे तापतो तो कागद. ही उष्णता आता दोन दिशांना जाऊ शकते. वरच्या बाजूला वारा आहे. तो अभिसरणाने उष्णता उचलून नेतो, आणि कागद अवरक्त किरणांच्या रूपानेही ती आकाशाकडे टाकत असतो. खालच्या बाजूला माती आहे, पण तिकडे उष्णता मुख्यतः वहनाने जाते आणि वहनासाठी स्पर्श हवा.

येथेच खरी मेख आहे. ओल्या मातीची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारे चाळीसपट असते. म्हणजे कागद आणि माती यांच्यामध्ये केवळ एक मिलिमीटर हवा राहिली, तर उष्णतेच्या वाटेत जणू चार सेंटिमीटर मातीचा जादा थर येऊन बसला! वाफा ढेकळांचा असेल आणि कागद सैल असेल, तर कागद तापून कढेल आणि माती मात्र फारशी तापणार नाही. काळा कागद सपाट वाफ्यावर घट्ट ताणून बसवावा असे शेतकऱ्यांना सांगतात, त्यामागे हे भौतिकशास्त्र आहे.

आता पारदर्शक कागद घेऊ. त्याच्यातून ८५ ते ९५ टक्के ऊन आरपार जाते. ते थांबते कोठे? थेट मातीच्या पृष्ठभागावर. मध्ये हवेचा थर असला तरी प्रकाशाला त्याची अडचण नसते. उष्णता निर्माण होते ती मातीतच, आणि वाऱ्याला तिच्यापर्यंत पोचता येत नाही.

तापलेली मातीही अवरक्त किरण बाहेर टाकते. त्यांची तरंगलांबी सुमारे दहा मायक्रॉनच्या आसपास असते. काच असे किरण अडवते म्हणून काचेचे घर उबदार राहते, असे तुम्ही वाचले असेल. पॉलिएथिलीन मात्र या किरणांना बरेचसे पारदर्शक आहे. मग ते निसटून का जात नाहीत? पारदर्शक कागद अंथरल्यावर तासाभराने त्याच्या खालच्या बाजूकडे नीट पाहा. तेथे पाण्याचे असंख्य बारीक थेंब जमलेले दिसतील. पाणी दृश्य प्रकाशाला पारदर्शक आणि दहा मायक्रॉनच्या अवरक्त किरणांना मात्र अपारदर्शक असते. काचेचे काम येथे हे थेंब करतात! माती कोरडी असेल तर हे थेंब जमणार नाहीत आणि मातीची उष्णताही अधिक सहजपणे निसटेल.

पांढरा किंवा चंदेरी कागद उन्हाचा मोठा भाग परत वर पाठवतो. जे ऊन ना कागदात थांबले ना मातीत, ते मातीला तापवणार कसे?

आता प्रत्यक्ष मोजमापे पाहू. अमेरिकेतील शेतांवर दिवसा घेतलेल्या नोंदींवरून पुढील सर्वसाधारण आकडे दिले जातात. उघड्या मातीच्या तुलनेत, पाच सेंटिमीटर खोलीवर पारदर्शक कागदाखालील माती सुमारे साडेचार ते पावणेआठ अंश सेल्सिअसने अधिक गरम असते. काळ्या कागदाखाली ही वाढ सुमारे २.८ अंश असते. दहा सेंटिमीटर खोलीवर हेच फरक अनुक्रमे सुमारे ३.३ ते ५ अंश आणि १.७ अंश इतके उतरतात. पांढऱ्या कागदाखालची माती उघड्या मातीहून किंचित थंड असते. फरक जेमतेम एका अंशाचा असतो.

वाफेने नेलेली उष्णता

काही चौकस विद्यार्थ्यांच्या मनात येथे एक शंका येईल. पांढरा कागद इतके ऊन परतवतो, तर त्याखालील माती फक्त एका अंशानेच थंड का? चांगली पाच-सहा अंशांनी का नाही?

यासाठी एक छोटे गणित करू. उघड्या ओल्या जमिनीतून एका दिवसात चार मिलिमीटर पाणी वाफ होऊन गेले असे समजा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजेच एक किलोग्रॅम. तेव्हा प्रत्येक चौरस मीटरमधून चार किलोग्रॅम पाणी गेले. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी नेहमीच्या तापमानाला सुमारे २.४५ मेगाज्यूल अप्रकट उष्मा लागतो. म्हणून

४ × २.४५ = ९.८ मेगाज्यूल

इतकी उष्णता वाफेबरोबर निघून गेली. आपल्याकडे स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर साधारण वीस मेगाज्यूल सौर ऊर्जा पडते. म्हणजे जवळजवळ निम्मी कमाई पाणी उडवण्यातच खर्च झाली! माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने उघडी ओली जमीन गार राहते.

कोणत्याही रंगाचा कागद अंथरला की हा खर्च थांबतो, कारण वाफ बाहेर पडू शकत नाही. काळ्या आणि पारदर्शक कागदाखाली वाचलेली ही उष्णता मातीला तापवण्याच्या कामी येते. पांढऱ्या कागदाखाली कमाईही घटते आणि खर्चही घटतो. दोन्ही बाजू उतरल्याने शिल्लक जवळपास तेवढीच राहते. तुमच्या शंकेचे उत्तर हे असे आहे. शिवाय वाचलेले ते चार लिटर पाणी पिकाच्या मुळांना मिळते, हा लाभ रंग कोणताही असो, मिळतोच.

तापमान वाढले म्हणजे उत्पन्न वाढले काय?

आता भौतिकशास्त्र सोडून क्षणभर मुळांकडे जाऊ. मुळे जिवंत असतात. ती पाणी व क्षार शोषतात, श्वसन करतात. तापमान फार कमी असेल तर ही कामे मंदावतात, आणि फार वाढले तरीही बिघडतात. तेव्हा मातीचे तापमान आणि उत्पन्न यांचा आलेख काढला तर तो सरळ चढत जाणारी रेषा नसतो. तो टेकडीसारखा असतो: एका बाजूने चढ, मध्ये माथा, दुसऱ्या बाजूने उतार.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टोमॅटोवर निरनिराळ्या रंगांची आच्छादने वापरून केलेले प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत या टेकडीचा माथा मुळांभोवतीच्या सुमारे २६ अंश सेल्सिअस तापमानाला आढळला. त्याच्या खाली आणि वर, दोन्हीकडे उत्पन्न घटत गेले.

हा आलेख डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे 'सर्वांत चांगला रंग कोणता?' हा प्रश्नच अपुरा आहे हे तुमच्या ध्यानात येईल. खरा प्रश्न असा, की आपले पीक आज टेकडीच्या कोणत्या बाजूला उभे आहे? जानेवारीतल्या थंडीत कलिंगडाचे बी टोकले, तर माती टेकडीच्या डाव्या, थंड बाजूला असते. तेथे दोन-तीन अंशांची वाढ मिळाली की उगवण लवकर होते आणि वेलीची वाढही जोमाने सुरू होते. पण एप्रिलमध्ये विदर्भात किंवा खानदेशात उघडी मातीच माथा ओलांडून गेलेली असते. तेथे काळा कागद अंथरणे म्हणजे पिकाला उताराच्या दिशेने आणखी ढकलणे होय. कोवळ्या रोपाचे खोड तापलेल्या काळ्या कागदाला टेकले तर ते भाजते, हे आणखी एक संकट.

तुम्ही म्हणाल, मग थंडीत पारदर्शक कागदच का वापरीत नाहीत? तो तर सर्वांत जास्त तापवतो. कारण सोपे आहे. जो प्रकाश मातीला मिळतो तो तणालाही मिळतो. ऊब, ओल आणि प्रकाश या तिन्ही गोष्टी मिळाल्यावर कागदाखाली तण इतके माजते की ते कागदच वर उचलते. काळ्या कागदाखाली अंधार असल्याने हिरव्या तणाची उपासमार होते आणि खुरपणी वाचते.

पारदर्शक कागदाच्या या प्रखरपणाचा उपयोग मात्र वेगळ्या तऱ्हेने करून घेता येतो. इस्राएलमधील जे. काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिले, की ऐन उन्हाळ्यात ओल्या, रिकाम्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक काही आठवडे अंथरून ठेवले तर मातीतल्या अनेक रोगकारक बुरशा उष्णतेनेच मरतात. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन या कामाला उत्तम. रोपवाटिकेचे वाफे असे तापवून घेतले तर औषधाचा खर्च कमी होतो.

आपल्या शेतांत सर्वाधिक दिसणारा कागद असतो चंदेरी-काळा, वरून चंदेरी आणि खालून काळा. आता त्याची रचना तुम्ही स्वतःच उलगडू शकाल. वरची चंदेरी बाजू ऊन परतवते, म्हणून माती फार तापत नाही. खालची काळी बाजू उरलेला प्रकाश अडवते, म्हणून तण येत नाही. शिवाय खालून वर येणाऱ्या झगझगीत प्रकाशामुळे मावा, पांढरी माशी, फुलकिडे यांसारखे कीटक गोंधळतात आणि रोपांवर कमी उतरतात. मिरची-टोमॅटोवरील विषाणूंचा प्रसार हेच कीटक करतात, म्हणून रोप लहान असताना हा लाभ मोठा असतो. पुढे पानांनी कागद झाकला गेला की परावर्तनही घटते आणि हा लाभही ओसरतो.

तांबड्या कागदाचे कोडे

येथवर सारा हिशेब उष्णतेचा झाला. पण रंगाचे एक काम असे आहे, की ज्यात उष्णतेचा फारसा संबंध नाही.

अमेरिकेच्या कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील प्रयोगशाळेत बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली सलाडच्या बियांवरील एक नवलाचा प्रयोग प्रसिद्ध केला. तांबडा प्रकाश दाखवला की बी रुजते. त्यानंतर लगेच अतितांबडा प्रकाश, म्हणजे दृश्य वर्णपटाच्या अगदी कडेचा, सुमारे ७३० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दाखवला की रुजणे थांबते. बी जणू शेवटी पाहिलेला रंग लक्षात ठेवते! या दोन रंगांचे प्रमाण ओळखणाऱ्या वनस्पतीतील रंगद्रव्याला पुढे फायटोक्रोम असे नाव मिळाले.

हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात, पण अतितांबडा बराचसा परतवतात. म्हणून आसपास अतितांबड्याचे प्रमाण वाढले की रोपाला शेजारी दुसरी झाडे असल्याचा संदेश मिळतो आणि ते वर वाढण्याची घाई करते. मायकेल कॅस्परबॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण कॅरोलायना राज्यात असा विचार केला, की योग्य तांबड्या रंगाचा कागद अंथरून हाच संदेश खालून पाठवला तर? त्यांच्या प्रयोगांत तांबड्या कागदावरील टोमॅटोचे लवकर मिळणारे उत्पन्न काळ्या कागदापेक्षा वाढलेले आढळले. पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या प्रयोगांतही ही वाढ सरासरी सुमारे १२ टक्के भरली. मात्र हवामान पिकाला अगदी अनुकूल असेल तेव्हा हा फरक फारसा दिसत नाही, असेही तेथे आढळले. तेव्हा 'तांबडा कागद म्हणजे हमखास जादा पीक' असे कोणी सांगितले, तर 'कोणत्या हवेत आणि कोणत्या पिकाला?' हे विचारायला विसरू नका.

पीक निघाल्यावर

आणखी एक हिशेब उरला आहे, आणि तो सहसा केला जात नाही. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. गादीवाफे १.८ मीटर अंतरावर असतील तर वाफ्यांची एकूण लांबी सुमारे २२५० मीटर भरते. कागदाची रुंदी १.२ मीटर, जाडी २५ मायक्रॉन आणि पॉलिएथिलीनची घनता एका घनमीटरला ९२० किलोग्रॅम धरा. गुणाकार करून पाहा. एका एकरात सुमारे ६२ किलोग्रॅम प्लॅस्टिक येते!

हे सारे पीक निघाल्यावर गोळा केले नाही, तर नांगराखाली त्याचे तुकडे होतात. पॉलिएथिलीन मातीत कुजत नाही. तुकडे पाण्याच्या आणि मुळांच्या वाटेत येतात. प्लॅस्टिक आच्छादनाचा वापर चीनमध्ये सर्वाधिक आहे. तेथे अतिशय पातळ कागद वर्षानुवर्षे वापरल्यामुळे त्याचे अवशेष जमिनीत साठून राहिले. पातळ कागद फाटतो आणि उचलताच येत नाही. म्हणून २०१८ पासून तेथे कागदाची जाडी किमान दहा मायक्रॉन असावी असा नियम लागू झाला. जो कागद अंथरताना स्वस्त पडतो, तो उचलताना महाग पडतो. मातीत कुजणारे कागदही आता निघाले आहेत, पण ते महाग असतात. आणि पाचट? ते कुजून खतच होते. जेथे माती थंड ठेवायची आहे आणि पाचट हाताशी आहे, तेथे त्याचा विचार आधी करायला हवा.

करून पाहा

लेखाच्या आरंभीचा प्रश्न माझ्या शब्दावर विश्वास ठेवून सोडून देऊ नका. प्रयोग सोपा आहे. पाऊण मीटर लांब-रुंद असे सहा वाफे करा आणि प्रत्येकाला सारखे पाणी द्या. एक उघडा ठेवा. बाकीच्यांवर क्रमाने पारदर्शक कागद, घट्ट बसवलेला काळा कागद, खडे ठेवून त्यांवर अधांतरी ताणलेला काळा कागद, पांढरा कागद आणि वाळलेले गवत अंथरा. कागदाच्या कडा मातीने दाबा. मधोमध लहान चीर पाडून प्रथम खिळ्याने पाच सेंटिमीटर खोल भोक करा आणि मग त्यात तापमापी अलगद ठेवा. काचेची तापमापी मातीत जोराने खुपसू नका. तिच्यावर थेट ऊन पडणार नाही अशी पुठ्ठ्याची सावली करा. सकाळी सात, अकरा, दुपारी दोन, पाच आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी सात वाजता नोंदी घ्या. दोन-तीन दिवस नोंदी घेऊन आलेख काढा. प्रयोग संपल्यावर प्लॅस्टिकचा प्रत्येक तुकडा मोजून परत गोळा करा.

शिक्षकांनी पाहिजे तर पाच आणि दहा अशा दोन खोलींवर नोंदी करवून घ्याव्यात. मातीत उष्णतेची लाट खाली जाताना तिची उंची घटते आणि तिला उशीरही होतो. दहा-बारा सेंटिमीटर खोलीवर चढउतार पृष्ठभागाच्या सुमारे एकतृतीयांश उरतो आणि कमाल तापमान साधारण चार तास उशिरा येते. मुलांच्या आलेखावर हा उशीर स्पष्ट दिसेल.

आता काही प्रश्न तुमच्यासाठी:

१. दोन काळ्या वाफ्यांपैकी कोणत्या वाफ्यातील कागद अधिक तापलेला असेल आणि कोणत्यातील माती? दोन्हींची उत्तरे एकच आहेत काय?

२. वाफ्याला पाणी न देता, कोरड्या मातीवर हाच प्रयोग केला तर उघड्या आणि पांढऱ्या वाफ्यांतील फरक वाढेल की कमी होईल?

३. पहाटेच्या नोंदीत सर्वांत थंड वाफा कोणता आढळला? काळ्या आणि पारदर्शक कागदांचा रात्रीचा क्रम दिवसासारखाच आहे काय? नसेल तर का?

४. तुमच्या गावात कोणी मल्चिंग पेपर वापरीत असेल तर त्यांना तीन गोष्टी विचारा: लागवड कोणत्या महिन्यातली, रंग कोणता, आणि पीक निघाल्यावर कागदाचे काय केले? मिळालेली उत्तरे तुमच्या आलेखाशेजारी मांडा, आणि तो आलेख त्यांनाही नेऊन दाखवा.